एका सुक्या पुरीचं प्रकरण

पाणीपुरी ही एकट्याने खायची वस्तू नाही, हे श्रीरंग पाटणकरला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, चार खुर्च्यांच्या टेबलाशी एकटं बसल्यावर समजलं.

बाकी सगळं माणूस एकट्याने खाऊ शकतो. श्रीरंगने गेल्या काही महिन्यांत त्याचा भरपूर अभ्यास केला होता. पिठलं कढईतच खाता येतं, म्हणजे ताटली धुवायची वाचते. वरणभात सिंकपाशी उभ्याने उरकता येतो. खाकरा तर मीटिंग चालू असताना म्यूट करून खाता येतो. फक्त अनम्यूट कधी झालो याचं भान ठेवावं लागतं. एकदा ते राहिलं नाही, तर पलीकडून तिघांनी 'यू आर ब्रेकिंग अप' म्हणून फोन ठेवायला लावला होता.

पण पाणीपुरीचं तसं नाही हो. तिला समोर माणूस लागतो. त्याने अंगठ्याने पुरीला भोक पाडायचं, सारण भरायचं, पाण्यात बुडवायची आणि आपल्या द्रोणात ठेवायची. आपल्या तोंडातली अजून गिळून झालेली नसते, तोवर दुसरी हजर. डोळ्यांतून पाणी आलं की तो आपला आपणच गोड चटणी वाढवतो. म्हणजे तिथे उभं असेपर्यंत या जगात निदान एक माणूस आपल्याकडे लक्ष देऊन बघत असतो. आणि 'गल्ली नंबर सात'मध्ये काय मिळालं? अंड्यांसारख्या पुठ्ठ्यात बसवलेल्या सहा पुऱ्या, एका वाटीत बटाटा, झाकण लावलेल्या दोन पेल्यांत दोन पाणी, आणि एक चमचा. भरा आणि खा. श्रीरंगने पहिली पुरी स्वतःच फोडली, स्वतःच भरली, स्वतःच बुडवली आणि क्षणभर ती कुणाला द्यायची हेच त्याला कळेना.

'गल्ली नंबर सात' म्हणजे अमेरिकाभर शाखा असलेलं शाकाहारी चाटचं हॉटेल. ट्रॉयची शाखा एका नखं रंगवायच्या दुकानाच्या आणि एका टॅक्सवाल्याच्या मधे होती. भिंतीवर रंगवलेली रिक्षा, छताला उलट्या टांगलेल्या छत्र्या. ऑर्डर द्यायला माणूस नाही, पडदा. पडद्यावर बोटं लावून नाव लिहायचं, मग एक चकती मिळते, ती घेऊन बसायचं. आपला नंबर लागला की चकती थरथरते आणि स्पीकरमधून एक बाई मोठ्या आवाजात सांगते, 'युवर गल्ली इज कॉलिंग.' ही बाई खरी नव्हती, रेकॉर्डेड होती. तरी दर शनिवारी ती आपल्याला बोलावते याचं श्रीरंगला थोडं बरं वाटायचं, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

सांगणार तरी कुणाला? दीपा, म्हणजे त्याची बायको, नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला होती. भांडण वगैरे काही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ट्रॉयमधल्या मराठी लोकांना ते खरं वाटत नाही. तिच्या कंपनीने मिशिगनचं ऑफिस बंद केलं आणि मॉरिसव्हिलला या नाहीतर राहू द्या म्हणून सांगितलं. याची कंपनी याला हलू देईना. ग्रीन कार्डाच्या रांगेत दोघांची बारा वर्षं गेलेली, त्यामुळे नोकरी सोडणं दोघांनाही परवडणारं नव्हतं. मुलगा कुश कॉलेजला ॲरिझोनात. त्याला दोन परिच्छेदांचा मेसेज पाठवला की उलट इंग्रजीतलं एक अक्षर यायचं, 'के'. एक वर्षाची तर गोष्ट आहे, असं तिघांनी ठरवलं, आणि ठरवताना तिघंही फार शहाण्यासारखे वागले.

जाताना दीपाने एकच बजावलं होतं. "बाहेरचं खाऊ नकोस. तुझं कोलेस्टेरॉल मला तिकडून बघता येणार नाही." तेव्हापासून रोज संध्याकाळच्या फोनवर श्रीरंग स्वयंपाक करत होता. फोनवर. सोमवारी भरली वांगी, मंगळवारी मुगाचं बिरडं. एकदा उत्साहात त्याने उकडीचे मोदक केले होते, तेव्हा दीपा जरा वेळ गप्प राहिली होती. तिचंही तिकडे उत्तम चाललं होतं. वसुधा म्हणून कुणी मैत्रीण मिळाली होती, मंडळाच्या बायका होत्या, दर शनिवारी पॉटलक असायचं. ती हसून सांगायची आणि हा हसून ऐकायचा. फोन ठेवला की श्रीरंग टीव्ही लावायचा आणि आवाज मोठा करायचा. आपल्याला इथे करमत नाही हे तिला कळता कामा नये, एवढंच त्याने धरून ठेवलं होतं. कळलं असतं तर ती सगळं सोडून आली असती, आणि ते त्याला नको होतं. म्हणजे हवं होतं, पण नको होतं.

असो. तर त्या शनिवारी सहावी पुरी संपवून श्रीरंग उठला आणि काउंटरपाशी जाऊन रिकामा पुठ्ठा पुढे धरून उभा राहिला. ठरवून नव्हे. पाणीपुरी संपली की माणूस असाच उभा राहतो, हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं. शेवटी एक सुकी पुरी मिळते. वर जरा मीठ-मसाला, थोडी शेव. तिचे पैसे नसतात, ती मागावीही लागत नाही, आणि ती घेतल्याशिवाय कुणी हलत नाही.

काउंटरमागे राज होता, इथला मॅनेजर. चाळिशीचा, दाढी नीट कोरलेली. जन्म इथलाच. आईवडील गुजराती होते, पण त्याचं गुजराती 'केम छो'च्या पुढे सरकत नव्हतं आणि हिंदी त्याहून अलीकडेच थांबलेलं.

"सुखी?" श्रीरंगने हिंदीत आणि जरा संकोचून विचारलं.

राजचा चेहरा एकदम मऊ झाला. "ओह. सुखी लेफ्ट, सर."

"लेफ्ट?"

"ही इज इन कॅनडा नाउ."

मागाहून उलगडा झाला तो असा, की सुखी म्हणजे सुखविंदर. तो वीकेंडला इथे टिक्की तळायचा आणि गेल्याच महिन्यात ब्रॅम्प्टनला बहिणीकडे गेला होता. पण त्या क्षणी श्रीरंगच्या कानांनी एवढंच ऐकलं की इथे सुखी कुणी उरलेलं नाही, जो होता तो कॅनडात गेला. आणि ते त्याला पटण्यासारखं वाटलं.

मग त्याने राजला समजावलं. सुखी माणूस नाही, पुरी. कोरडी. शेवटची. राजने सगळं आदराने ऐकलं आणि म्हणाला, की पुऱ्यांची एक अख्खी प्लेट जादा घेता येईल, पण एक सुटी पुरी देता येणार नाही. त्याच्यासाठी सिस्टिममध्ये बटण नाही.

"मला विकत नकोय," श्रीरंग म्हणाला.

"मग?"

"तुम्ही द्यायची."

राजने पडद्याकडे पाहिलं, पुऱ्यांच्या डब्याकडे पाहिलं, मग छतातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. श्रीरंगच्या मागे आता सात-आठ माणसं उभी होती. त्यातली एक गोरी आजी आपल्या नातवाला हळूच म्हणाली, "ही इज आस्किंग फॉर फूड, हनी." ते मात्र श्रीरंगच्या फार वर्मी लागलं. इंजिनिअर माणूस, दोन पेटंटांवर नाव असलेला. तो पुठ्ठा कचऱ्यात टाकून ताठ मानेने बाहेर पडला आणि ताठ मान ठेवल्यामुळे दारातल्या बर्फावरून घसरला. पडला नाही. नखांच्या दुकानाचं दार धरलं म्हणून वाचला, आणि आतल्या तीन बायकांनी त्याला हात केला.

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण शेजारी मनोहरकाका होते.

मनोहर सोनटक्के हे ट्रॉयमधले जुने जाणते. आयुष्यभर मोटारीच्या कंपनीत बंपरची ड्रॉइंगं काढली, आता रिटायर होऊन लोकांना सल्ले देत होते. अमेरिकेत कुठलीही गोष्ट कशी मिळवायची हे त्यांना ठाऊक होतं. एकदा त्यांनी गादी अकरा वर्षं वापरून परत केली होती. श्रीरंगने सहज, आपलं चहा पिता पिता, सुक्या पुरीचं सांगितलं आणि काकांनी कप खाली ठेवला.

"तू तिथे भांडलास हेच चुकलं," ते म्हणाले. "या देशात काउंटरवर कुणाकडे काही नसतं. इथे वर जायचं असतं. लॅपटॉप आण."

"जाऊ दे हो काका, एक पुरी ती काय."

"पुरीचं नाही रे, तत्त्वाचं आहे," काका म्हणाले. माणसाला पुढे ढकलायचं असलं की काका नेहमी तत्त्व काढायचे.

शैलजाकाकू आतून म्हणाल्या, "अहो, त्याला चार पुऱ्या मी तळून देते, कशाला उगाच उठाठेव?" पण लॅपटॉप उघडला गेला होता.

हॉटेलच्या साइटवर तक्रारीचा प्रकार निवडायचा होता. चुकीचा पदार्थ, अपुरा पदार्थ, पदार्थात भलतीच वस्तू, आणि इजा. श्रीरंगने 'अपुरा पदार्थ'वर बोट नेलं. काकांनी त्याचा हात धरला. "ते दाबलंस तर पैसे परत करतील नि विषय संपेल. तुला पैसे हवेत का?" नको होते. "मग इजा दाब. इजा दाबल्याशिवाय इथे जिवंत माणूस फोन करत नाही." श्रीरंग नको नको म्हणत असताना काकांनी स्वतःच ते दाबलं. इजेचं स्वरूप विचारलं होतं, तिथे 'सीरियस' लिहिलं. मग दोघांनी शांतपणे दुसरा चहा घेतला.

फोन सोमवारी आला. श्रीरंग घरूनच काम करत होता, बाहेर बर्फ पडत होतं. बाई टेक्ससहून बोलत होती. नाव मेलिसा, खातं जोखमीचं. तिने आधी कॉल रेकॉर्ड होत असल्याचं सांगितलं, मग वाचून दाखवल्यासारख्या आवाजात विचारलं, "सर, कुठे लागलं आहे?"

श्रीरंगला खरं सांगायचं होतं. पण खरं सांगायला गेलं तर काय सांगणार? "तसं दिसण्यासारखं नाही," तो म्हणाला.

"अंतर्गत?"

"हो. म्हणजे, तसंच."

"त्रास केव्हापासून आहे?"

"ऑगस्टपासून," श्रीरंगच्या तोंडून गेलं. दीपा ऑगस्टमध्ये गेली होती. टेक्ससमध्ये टाइप केल्याचा आवाज झाला.

"जेवण जातंय का? झोप लागते का?"

"जेवण आपलं उभ्याने होतं. झोप पहाटेकडे लागते."

पुन्हा टाइप केल्याचा आवाज. मग मेलिसाने पुढचा प्रश्न वाचला. "सर, आत्ता तुमच्याजवळ कुणी आहे का? घरात तुम्ही एकटेच आहात?"

हा प्रश्न ती रोज पन्नास जणांना विचारत असेल. कुणाला चक्कर येऊन तो पडला तर उचलायला कुणी असावं, एवढाच त्याचा अर्थ. पण श्रीरंगला त्या चार महिन्यांत तो कुणी विचारलेला नव्हता. त्याने समोर पाहिलं. जेवायच्या टेबलावर लॅपटॉप होता, पलीकडे दीपाची खुर्ची, तिच्यावर त्याने स्वतःचं जॅकेट टाकून ठेवलं होतं, खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून.

"एकटाच आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा बिघडला.

मेलिसाचं टाइप करणं थांबलं. मग वाचल्यासारखी न बोलता तिने विचारलं, "काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगता का?" आणि श्रीरंगने सांगितलं. सुक्या पुरीचं, समोरच्या माणसाचं, तो कसा तिखट-गोड आपणहून ओळखतो त्याचं, आणि शेवटची पुरी तो देतो तेव्हा पैशांचा व्यवहार आधीच संपलेला असतो, तरी देतो, त्याचं. बराच वेळ बोलला. इतकं सलग तो त्या आठवड्यात कुणाशी बोलला नव्हता. मेलिसाने शेवटी त्या पुरीचं स्पेलिंग विचारून घेतलं आणि म्हणाली, "माझी आजी पाय कापल्यावर उरलेल्या पिठाचा असा एक तुकडा भाजून द्यायची." पाय म्हणजे त्यांचा तो सफरचंदाचा, हे श्रीरंगला दोन सेकंदांनी कळलं.

झालं एवढंच, की मेलिसा कितीही चांगली असली तरी 'इजा, सीरियस, अंतर्गत, ऑगस्टपासून' हे सिस्टिममध्ये गेलेलं होतं. त्याच आठवड्यात ट्रॉयच्या शाखेवर चौकशी बसली आणि पाणीपुरी बंद झाली. दारावर कागद लागला, 'पाणीपुरी टेंपररिली अनअव्हेलेबल'.

ट्रॉयमध्ये बर्फाने रस्ते बंद झाले तर लोक घरी बसतात आणि खूश असतात. पाणीपुरी बंद झाल्यावर मात्र मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. कुणी म्हणालं पाण्यात काही सापडलं, कुणी म्हणालं सरकारचा डाव आहे. नागपूरच्या एका काकूंनी लिहिलं, की कोण्या मेल्याने तक्रार केली म्हणे, त्याचं तोंड पाहायचं आहे. मनोहरकाकांनी त्यावर लिहिलं, 'अशा प्रवृत्तींचा निषेध.' ते वाचून श्रीरंगने फोन पालथा ठेवला. मग फारच गप्प राहणं संशयास्पद दिसेल म्हणून पुन्हा उचलला आणि एक रडणारा चेहरा टाकला. त्याला तेवीस जणांनी अंगठा दिला. त्या ग्रुपवर त्याला एवढा प्रतिसाद कधीच मिळाला नव्हता.

शनिवारी तो हॉटेलात गेला. जायचं नाही असं ठरवून गेला. शनिवारी दुपारी दुसरं जायचं कुठे हा प्रश्न होताच.

राजला सगळं माहीत होतं, तक्रारीवर नाव होतं ना. पडद्यावर 'श्रीरंग' लिहिलेलं राजच्या वाचण्यात कायम 'श्री रिंग' यायचं, त्यातला 'श्री' त्याने आदराने बदलून 'मिस्टर' केला होता. "मिस्टर रिंग," तो म्हणाला, "तुम्हाला अंतर्गत दुखापत आहे आणि तुम्ही दहीवडा मागवताय."

श्रीरंगने मान खाली घातली. "सॉरी. माझ्या शेजाऱ्याने बटण दाबलं."

"मला एक सांगा," राज म्हणाला. तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. "तुम्ही दर शनिवारी येता. कुटुंब घेऊन का येत नाही?"

"ते लांब आहे," श्रीरंग म्हणाला आणि चकती घेऊन बसायला गेला. दहीवड्यात मीठ कमी होतं, पण त्याने तक्रार केली नाही.

मार्चमध्ये चौकशी मिटली. मेलिसाने ती मिटवलीच, वर 'ग्राहकाच्या सूचनेचं स्वागत' म्हणून एक टिपण मुख्य ऑफिसला पाठवलं. मुख्य ऑफिसात भारतीय कुणी नव्हतं असं नाही, पण ज्याच्या टेबलावर टिपण गेलं तो केरळचा होता आणि त्याने शब्दाचा अर्थ मशीनला विचारला. सुखी म्हणजे काय? मशीनने बरोबर उत्तर दिलं. सुखी म्हणजे हॅपी.

म्हणून एप्रिलच्या पहिल्या शनिवारी श्रीरंग 'गल्ली नंबर सात'मध्ये शिरला तेव्हा समोरच्या भिंतीवर, रिक्षाच्या वर, दारापेक्षा मोठं पोस्टर होतं. त्यावर एका पुरीला डोळे आणि हसू काढलेलं होतं. खाली लिहिलं होतं, 'इंट्रोड्यूसिंग हॅपी पुरी. प्रत्येक पाणीपुरीसोबत, आमच्याकडून. आमचे ट्रॉय, मिशिगनचे ग्राहक मिस्टर रिंग यांच्या कल्पनेतून.'

श्रीरंग त्या पोस्टरखाली उभा राहिला. कोरडीची हॅपी झाली होती, राजने कळवलेल्या नावाने पाटणकरचा रिंग झाला होता, आणि तरीही हा आपला विजय आहे हे नाकारता येत नव्हतं. राजने काउंटरमागून टाळ्या वाजवल्या. आता बटण होतं. सगळ्या शाखांत होतं. तो पडद्यावर ऑर्डर देऊन बसला, चकती थरथरली, बाईने बोलावलं. सहा पुऱ्यांच्या बाजूला एक छोटी कागदी पिशवी, हसऱ्या चेहऱ्याची, चिकटवून बंद केलेली. आत पुरी.

त्याने सहा खाल्ल्या. मग पिशवी फाडून सातवी तोंडात टाकली. मसाला होता, शेव होती, सगळं बरोबर होतं. आणि काहीच झालं नाही. पुरी तर आली, पण देणारं कुणी नव्हतं. आपण चार महिने एवढा दंगा केला तो पुरीसाठी नव्हताच, हे त्याला ती चावताना कळलं. आजूबाजूला घराघरातली माणसं होती. पलीकडच्या टेबलावर एक बाई नवऱ्याच्या पुऱ्या भरून देत होती आणि तो मोबाइल बघत खात होता. श्रीरंगला त्या माणसाचा मनापासून राग आला.

तेवढ्यात फोन वाजला. दीपा. ती शनिवारी दुपारी कधी करत नसे.

"कुठे आहेस?" तिने विचारलं.

"घरी. कुठे असणार? भेंडी टाकलीय."

"भेंडी."

"हो. चिंच घालून."

त्याच वेळी त्याच्या डोक्यावरचा स्पीकर खरखरला आणि बाई ओरडली, 'युवर गल्ली इज कॉलिंग.' श्रीरंगने फोनवर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"त्या भेंडीला जरा गप्प बस म्हणावं," दीपा म्हणाली.

"अगं, आज एक दिवस म्हणून जरा..."

"आज एक दिवस नाही, मिस्टर रिंग."

तो ताठ बसला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"समोर पोस्टर आहे. दारापेक्षा मोठं. त्यावर लिहिलंय ट्रॉय, मिशिगन. सुकी पुरी मिळाली नाही म्हणून अमेरिकेतल्या कंपनीशी भांडणारी माणसं ट्रॉयमध्ये किती असतील रे? मी वाचलं आणि मला हसूच आवरेना, मॅनेजर पाणी घेऊन आला." ती अजूनही हसत होती. निदान आधी तसं वाटलं.

"पण तुला पोस्टर कुठे दिसलं?" श्रीरंगने विचारलं. "तुमचं तर पॉटलक असतं ना आज? वसुधाकडे?"

पलीकडचं हसणं थांबलं होतं. आणि मग त्याला फोनमधून, लांबून, पण अगदी स्पष्ट ऐकू आलं, 'युवर गल्ली इज कॉलिंग.'

"दीपा?"

"वसुधा कॅलिफोर्नियाला गेली," दीपा म्हणाली. "ऑक्टोबरमध्येच गेली. पॉटलक एकदाच झालं होतं. मी दर शनिवारी इथेच येते, खिडकीपाशी बसते. घरी एकटीसाठी कुकर लावावासा वाटत नाही रे."

"मग मला सांगायचंस."

"तू तिकडे मोदक करत होतास. मोदक, श्री. मला वाटलं, याचं छान चाललंय, हा सावरलाय. मी कशाला रडगाणं सांगू?"

"मी कुठले मोदक करतो गं," श्रीरंग म्हणाला. "तू पॉटलकचं सांगायचीस म्हणून मी मोदक करायचो."

दोघंही गप्प झाले. गप्प बसायला दोघांनाही एकाच वेळी जमलं असं बऱ्याच दिवसांनी झालं होतं. एरवी एक जण थांबला की दुसऱ्याने घाईघाईने काहीतरी आनंदाचं सांगायचं असा नियम पडला होता.

"मला इथे अजिबात करमत नाही," श्रीरंग म्हणाला. मराठीत, जरा मोठ्याने. पलीकडच्या टेबलावरची ती बाई पुरी हातात धरून त्याच्याकडे बघायला लागली. तिला मराठी कळत होतं बहुतेक. बघू दे.

"मला पण नाही," दीपा म्हणाली. मग नाक ओढत म्हणाली, "कार्ड गेलं खड्ड्यात. आपण दोघांपैकी एकाने सोडू या. कुणी, ते ठरवू. पण आत्ता ठेवू नकोस फोन. माझी प्लेट आत्ताच आलीय, अजून हातही लावलेला नाही."

"तिखट जरा कमीच घे. तुला नंतर त्रास होतो."

"घेते."

"चिंचेचं आधी घाल. मग हिरवं."

"बरं."

तिने पहिली पुरी फोडल्याचा बारीक आवाज फोनमध्ये आला. मग तिचं तोंड भरलेलं असतानाचं ते गप्प राहणं. श्रीरंग टेबलावर दोन्ही कोपरं टेकून, समोर कुणी बसलेलं असावं तसा वाकून, ऐकत राहिला. दुसरी फुटली. तिसरीला तिला ठसका लागला आणि हा म्हणाला, "सावकाश."

राज फडकं घेऊन आला. शनिवारची गर्दी वाढली होती, दारात लोक टेबलासाठी उभे होते. मिस्टर रिंगांचा पुठ्ठा रिकामा होता, हसरी पिशवी फाटलेली होती आणि बाकीच्या तिन्ही खुर्च्यांवर कुणी नव्हतं.

"ऑल डन, मिस्टर रिंग?" त्याने विचारलं.

"नो," श्रीरंग फोन कानाशी तसाच धरून म्हणाला. "माय वाइफ इज स्टिल ईटिंग."